तेविसावं प्रकरण

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय हर्षाली,

अक्षर ओळखलं असशील. थोडं कापतंय ते वयामुळं, रागामुळं नाही. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसलोय तर सुरुवात पुस्तकांपासून करतोय, म्हणून हसू नकोस. तू एमए करताना जमवलेली ती जाडजूड इंग्रजी पुस्तकं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, पलंगाखालच्या पेटीत तशीच पडून होती. तू गेल्यावर मी ती रद्दीत घालायला निघालो होतो. रद्दीवाला म्हणाला, एवढा बारीक टाईप कोण वाचणार? पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. गेल्या वर्षी ती बाहेर काढली, कारण तुझ्या आईची दृष्टी गेली.

तुझ्या चुलतभावानं, महेशनं तुला कळवलं असेल किंवा नसेलही. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. दोन ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही. आता तिला खिडकीचा उजेड कळतो, खिडकीत उभा असलेला माणूस कळत नाही. सकाळी तिला इंजेक्शन द्यायचं, मग भाकरी करायची (येते आता मला, कडा तेवढ्या करपतात), कपडे, औषधं, हात धरून गॅलरीत बसवायचं, हात धरून परत आणायचं. दमलोय गं मी. एकाहत्तराव्या वर्षी माणूस दमणारच, पण हे दमणं झोपून जात नाही. टीव्ही लावला तर ती म्हणायची, "नुसती आरडाओरड ऐकून मी काय करू?" म्हणून एका दुपारी, वेळ जावा इतकाच हेतू, पेटीतलं सगळ्यात जाड निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उचललं, डिक्शनरी मांडीवर घेतली आणि तिला मराठीत गोष्ट सांगायला लागलो.

तू कॉलेजात असताना एकदा म्हणाली होतीस, नाना, या कादंबऱ्यांना घाई नसते. मला तेव्हा वाटलं, घाई नसते म्हणजे त्या लोकांना कामधंदा नसतो. आता कळतंय. दोन पानं नुसतं धुकं, मग तीन पानं घरातलं सामान, मग कुणीतरी बग्गीतून उतरणार आणि उतरता उतरता त्याच्या आजोबांचा इतिहास! मधेच लेखक थांबतो आणि 'वाचकहो' म्हणून आपल्याला जवळ बसवून घेतो, कीर्तनातले बुवा घेतात तसं. एका भल्या माणसाला लग्नाचं विचारायला शंभर पानं लागतात आणि तेही त्याला धड जमत नाही. मी रोज सकाळी एक प्रकरण वाचून ठेवायचो, अडलेल्या शब्दांना पेन्सिलीनं खूण करायचो, आणि तीनच्या चहानंतर तिला सांगायचो. आमच्या घरात वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता उद्याच्या प्रकरणाची वाट बघायला मिळायला लागली. हे सुख किती मोठं आहे ते तुला आत्ता नाही कळायचं.

आणि त्यातलं टपाल! लंडनात म्हणे दिवसातून कितीतरी वेळा टपाल वाटायचे. सकाळी टाकलेल्या पत्राला संध्याकाळी उत्तर. चौतीस वर्षं चांदवडच्या उन्हात सायकलवरून पत्रं वाटलेल्या माणसाला हे वाचून भरूनच येतं. त्या गोष्टींत पत्रावाचून पान हलत नाही. पत्र आलं की लग्न ठरतं, पत्र चुकलं की घर बुडतं. माझ्या खात्याला एवढा मान मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

या निळ्या पुस्तकातली गोष्ट अशी. गिरणीवाल्याची मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध एका शाळामास्तराशी लग्न करते. बाप मरतो, आई आपल्या भावाच्या घरी राहायला जाते. पुस्तक मी जाडी बघून उचललं होतं, देवाशपथ. पण गोष्ट जशी पुढं गेली तशी तुझी आई तिला 'आपली पोर' म्हणायला लागली. त्या मुलीच्या मामाला तिनं 'टोपीवाला मामा' असं नाव ठेवलं, आणि तो मला फार आवडायचा. वेळेचा पक्का, शब्दाचा पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तुझ्या लग्नाच्या वेळी मी काय काय बोललो ते तुला आठवतं, मलाही आठवतं. दिनेशच्या जातीवरून बोललो. तुझ्या आईला घराबाहेर पडू दिलं नाही. ती दाराशी नेसायची साडी हातात घेऊन उभी होती आणि मी दाराला कुलूप लावलं. तुला वाटलं, आईसुद्धा आली नाही. तू नंबर बदललास. महेशनं तिला तुझा नवा नंबर दोनदा देऊ केला, तर म्हणाली, "माझा नंबर तिच्याकडं हाय ना? तिला वाटलं तर ती करील." तुम्ही दोघी एकाच मातीच्या. दोघीही वाट बघत बसल्या, आणि मी मधे बसून चहा पीत राहिलो.

बाविसाव्या प्रकरणात ती मुलगी आईला पत्र लिहिते. तुझी आई खुर्चीत पुढं सरकून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेविसावं प्रकरण वाचलं. टोपीवाला मामा ते पत्र मेजाच्या खणात टाकतो. भल्यासाठीच हं, घराण्याच्या अब्रूसाठी. दुपारी मी ते प्रकरण गाळून थेट चोविसावं सांगायला घेतलं. पाच मिनिटांत तिनं हात वर केला. "पोरीनं कागद धाडला व्हता ना? मग तो गेला कुठं?" म्हटलं, गहाळ झाला असेल. "तुम्हीच सांगायचे, कागद गहाळ व्हत नाय, कोणीतरी दाबतो. तुम्ही पोष्टात व्हते. तुम्हाला ठाव पाहिजे." त्यानंतर आठ दिवस गोष्ट बंद. आधी त्या कागदाचं सांगा, एवढंच. आठ दिवस मी तिच्यासमोर पुस्तक उघडायचो आणि मिटायचो.

हर्षाली, चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तुझं पत्र आलं होतं. आईच्या नावाचं, मागे म्हैसूरचा पत्ता. ते मी पोस्टमनच्या हातून घेतलं आणि माझ्या जुन्या खाकी गणवेशाच्या खिशात ठेवलं. नोकरीत मी कधी कुणाचं साधं कार्डही अडवलं नाही. तुझं पाकीट फोडलं मात्र नाही, तेवढी सवय राहिली. तेव्हा तुझ्या आईचे डोळे धड होते. ते तिला स्वतः वाचता आलं असतं.

काल सकाळी मी तिला तेविसावं प्रकरण सांगितलं, एक शब्द न गाळता. मग म्हटलं, टोपीवाला मामा मीच आहे, आणि पाकीट तिच्या हातात दिलं. पाकिटाच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं, तिकिटावर थांबली, चिकटवलेली बाजू चाचपून बघितली. मी म्हणालो, वाचून दाखवू का? तिनं ते उशीखाली घातलं. "तुम्ही नाय. जिनं लिहिलं तिला बोलवा, ती वाचील." तेव्हापासून माझ्याशी एवढंच बोलली आहे. महेशकडून नंबर मिळाला असता, पण हे मला तोंडानं सांगता आलं नसतं. पाकिटावरच्याच पत्त्यावर लिहितोय आणि स्वतः काउंटरवर नेऊन देणार आहे. तू ये. दिनेशला घेऊन ये. मला काही बोलायचं असेल तर बोल, मी ऐकून घेईन, किंवा अजिबात बोलू नकोस, मी तेवढा वेळ गॅलरीत बसेन. दार उघडंच ठेवलंय. ती उशीवर हात ठेवून बसली आहे.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
नाना