चिंचोका परत डब्यात

१९ मार्च
"आज मोह कमी पडला ना, त उद्या जास्त पडन. झाडाच्या पोटात आहेच तो." मोहफुलं वेचताना आई म्हणायची. तेव्हा मी आठ वर्षांची, दादा बाराचा.
आज दादाने तेच फोनबद्दल ऐकवलं. तीन चक्रांचा, पैसे लावायचा तो खेळ. बोट लावलं की चित्रं फिरतात, तीन मुकुट एका ओळीत आले की जॅकपॉट. दोन वर्षं झाली, खेळतोय. "बाई, महिना झाला काई पडलं नाई. म्हंजे आता भरून आहे."
वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "मशीन नाई, ह्यायचं डोस्कं भरून आहे."

२१ मार्च
वहिनीचं ठरलं. लेकीचा, स्वातीचा, दहावीचा शेवटचा पेपर झाला की तिला घेऊन सिरोंच्याला, माहेरी. कायमची. खेळापायी मोटारसायकल गेली, कानातलं गेलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणाली, "ताई, जेवतानाबी बोट हालत राह्यते त्यायचं." राहायची एकच अट, दादाने गडचिरोलीच्या मनाच्या डॉक्टरांकडे जावं.
दादा: "मी काय पागल आहो?"

२३ मार्च
मधल्या सुट्टीत शेख सरांना विचारलं. आमच्या शाळेत ते गणित शिकवतात, मी मराठी. कुणासाठी, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.
ते म्हणाले, समजा, प्रत्येक चक्रावर बावीस चित्रं आणि त्यांत एकच मुकुट. बावीस गुणिले बावीस गुणिले बावीस. दहा हजार सहाशे अठ्ठेचाळीस. त्यात एकदा जॅकपॉट. आणि तेवढ्या वेळा खेळलं तरी तिघांतल्या एकाहून जास्त लोक कोरडेच राहतात. फोनमध्ये चित्रं किती, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.
"पण इतके दिवस लागला नाही तर..."
"मॅडम, चक्राले काई याद नाई राहत. हर बार नवीन." मग म्हणाले, तीन डबे घ्या, प्रत्येकात बावीस चिंचोके भरा, त्यातल्या एकाला चुना लावा, तो मुकुट. "काढलेला परत डब्यात टाकायचा. सगळी गोष्ट इथीच आहे."

२५ मार्च
दादाच्या ओसरीत तीन डबे मांडले. दादा हसला. "मास्तरीन आली." पण बसला. डोळे मिटून काढत होता. दहा-बारा वेळा काढल्यावर लक्षात आलं, काढलेले चिंचोके तो गुडघ्याजवळ जमा करतोय. ढीग.
"दादा, परत टाक."
"उचललेलं परत कोनी टाकते काय?"
खरंच. वेचलेलं फूल झाडाखाली परत ठेवायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवलं? झाड रितं होत जातं, म्हणून आई खरी होती. मशीन रितं होत नाही.
हे सगळं सांगितलं. मन लावून ऐकलं त्याने. समजलंही, डोळ्यांत दिसलं. मग म्हणाला, "दहा हजारात एक, ना? माहे नऊ हजार त कधीचेच झाले."
डबे उचलून आणले. वहिनी दारापर्यंत आली.

२६ मार्च
स्वतः खेळून पाहिलं. पैसे न लावता, नुसतं शिकण्यापुरतं. मुकुट, मुकुट, आणि तिसरा ओळीच्या केसभर वर थांबलेला. "अरे!" म्हणाले मोठ्याने. एकटीच होते. आकडा आधीच ठरलेला असतो, चित्रं नंतर फिरतात, हे वाचून झालं होतं. तरी बोट पुन्हा गेलं. चाळीस मिनिटं. वह्या तपासायच्या तशाच पडल्या.
खेळ फोनमधून काढून टाकला. लाज वाटली, आणि दादाची इतकी दया आली की त्याचाच राग आला.

२९ मार्च
स्वातीचा पेपर झाला. वहिनीने पेटी भरली, सोमवारची तयारी. मी म्हटलं, अजून एकदा विचारून बघते त्याला, डॉक्टरांचं.
"किती वेळा विचारलं तुमी?"
मोजलं नव्हतं.
"तुमीबी तोच खेळ खेळून राह्यल्या, ताई. इतके नाई झाले, आता एक हो पडन म्हनता."
माणूस म्हणजे चक्र नव्हे, असं म्हणायला हवं होतं. पण दादाला तरी मागचं काय आठवतं? दर वेळी तोच चेहरा, तेच हसू, मी पहिल्यांदाच विचारतेय असं.

३० मार्च
दादा फोन उचलत नाही. म्हणजे खेळतोय. चिठ्ठी लिहून स्वातीच्या हाती देणार. तो वाचेल, घडी करून खिशात ठेवेल आणि "पाहू" म्हणेल. त्याचं पाहू म्हणजे नाही.
शब्द बदलून बदलून इतकंच उरलं:
दादा, सोमवारी सकाळी सातला गडचिरोलीची बस आहे. मी स्टँडवर असेन. डॉक्टरांशी मी बोलेन, तू बोलू नकोस. फोनही आण हवा तर. नुसता माझ्या बाजूला येऊन बस. येशील?