तुरिगाची वाइन आणि बांगड्याचं तिखलं

रवि. ५ जुलै
आधी रीताच आली. नवरा पावलो खाली गाडी लावत होता. आमच्या लेकासोबत, अभयसोबत, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात कंपनीच्या बसने जातो तो. दोघं पोर्तुगालची, पण बाई काय गोड! चपला दाराबाहेर काढून थेट ह्यांच्या पलंगापाशी. तिच्या माहेरी द्राक्षांचे मळे. तिकडची लाल वाइन आणलेली. द्राक्षाचं नाव तुरिगा नासिओनाल, नातीकडून, सईकडून, लिहून घेतलं. दाणे बारीक, साल जाड, वेलीला घड थोडेच. रंग अगदी जांभळाचा.

मी बांगड्याचं तिखलं केलेलं, तिरफळं घालून. सई म्हणे, "आजी, कॅनॉट लाह, नाही चालणार! ह्या वाइनसोबत मटण पाहिजे." रीता हसली. तिच्या बाबांनी हे ताट पाहिलं तर तिला घरात घेणार नाहीत म्हणे. पण जेवली बिचारी. तीन ग्लास पाणी प्याली.

ह्यांना एक घोट चालतो, डॉक्टरीणबाईंना विचारलेलं. किमो संपून दोन महिने झाले, तोंडाला चव म्हणून नाही. घास नुसता गालात फिरवतात. आज घोट, वर बांगडा. तोंड हे एवढं वाकडं!
"काय गं, नटबोल्ट शिजवलेस?"
जन्म बोटीच्या इंजिनात गेला, लोखंड ओळखणारच. ह्या वाइनवर मासा खाऊन सगळ्यांनाच तसं लोखंडी लागलं म्हणे. लागू दे. ह्यांना लागलं! अर्धा बांगडा गेला पोटात. मी आत जाऊन रडले, आनंदाने.

सोम. ६
हॉस्पिटल. वजन ४३. पुढच्या सोमवारपर्यंत खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी. टॅक्सीत म्हणाले, "नळी नको हं. त्यापेक्षा…" पुढे बोलूच दिलं नाही.

मंगळ. ७
रीताने सांगितलं तस्संच केलं. मटण भाजून, लसूण, मिरी, लाल तिखट नाही. सोबत तीच वाइन. अभय बोटं चाटत होता.
ह्यांनी एक घास घेतला. "कापूस गं." ताट सरकवलं.

गुरु. ९
गुरुवार असून बांगडा शिजवला. लग्नापासून पाळलेला वार. स्वामींना सांगितलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा, ह्यांच्यावर नको. बाटलीतली उरलेली दिली. दोन घास खाल्ले.
"लोखंड," म्हणाले.
मी तोंडाकडे बघतच होते. रविवारी वाकडं झालेलं. आज काही नाही. खरंच लागलं, की मी बघत होते म्हणून नुसतं म्हणाले…
विचारलं नाही.

शुक्र. १०
दिवसभरात पेज चार चमचे. भिंतीकडे तोंड करून निजलेत. हाक मारली की हूं म्हणतात, तेवढंच.
रीताचा फोन. सईने तिचं मला, माझं तिला सांगितलं. बाबांकडची आणखी एक बाटली आहे तिच्याकडे. म्हटलं, मटण नको, बांगडेच करते. नवऱ्याला घेऊन येते म्हणाली, रविवारी. १२ तारखेला, दुपारी. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटल.