लोणंदचा फोन

वडूज, शनिवार

प्रिय माया,

तू फोन उचलत नाहीस म्हणून रागावून लिहितेय असं समजू नकोस. नानासो गेल्यापासून तुझा आवाज ऐकला नाही. त्यांच्या मातीला जाऊन आल्यावर मीही चार दिवस कुणाशी बोलले नव्हते. आता आपल्यातलं कोण, हाच विचार तुझ्याही डोक्यात आला असणार.

सांगलीला रेडिएशनच्या खोलीबाहेर आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तू ओढणीने गाल झाकून कोपऱ्यात बसली होतीस. लाळग्रंथीचा कॅन्सर असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या सासरचे विचारायचे, तंबाखूची मिश्री लावत होतीस का? माझ्या गावाने तर विचारलंही नाही, ठरवूनच टाकलं. तेवढ्यात मिलिटरीतून पेन्शनीवर आलेले नानासो शेजारून म्हणाले, "लाखात एखाद्याला व्हतुया म्हनं ह्यो रोग, आन् आपुन तिघं एकाच बाकड्यावर! लय झालं की गं." तू हसलीस. मग एकमेकांना फोन करायचे हे काही ठरवावं लागलं नाही. तोंडाला कोरड पडली की भाकरी ताकात कुस्करून खायची, हे मला तू सांगितलंस, डॉक्टरांनी नाही.

मागच्या महिन्यात लोणंदहून एका माणसाचा फोन आला, सांगलीच्या दवाखान्यातून माझा नंबर घेऊन. त्याच्या बायकोला, दीपमालाला, आपलाच आजार. टाळूला गाठ. मी एसटीने गेले. घरात तिचं ताट-तांब्या वेगळं मांडलेलं, लहान मुलीला तिच्याजवळ जाऊ देत नव्हते. मी काही समजावत बसले नाही. तिच्याच ताटात जेवायला बसले. सासू दारातून बघत होती. शेवटी म्हणाली, "आवं, लागत न्हाई व्हय हे?" मी म्हटलं, "लागलं असतं तर आमचं मालक कवाच आजारी पडलं असतं." थोड्या वेळाने तिनेच नातीला आणून आईच्या मांडीवर ठेवलं.

निघताना दीपमालाने माझा हात धरला. "ताई, वाचतं का वो माणूस?" मी म्हटलं, सहा वर्षं झाली, मी आहे अजून. तेव्हापासून ती रोज दुपारी फोन करते. कधी कधी काहीच बोलत नाही. मग मीच ज्वारीचं, सुनेचं, शेजारणीच्या भांडणाचं सांगत बसते आणि तिकडे ती जेवते. पलीकडून वाटीचा आवाज येतो.

माया, माझं परत आलंय. या वेळी जिभेत. मंगळवारी ऑपरेशन आहे, जीभ पुरी काढावी लागेल म्हणाले. घरात कुणी माझ्या नजरेला नजर देत नाही. मला मात्र धास्ती वाटते ती त्या दुपारच्या फोनची. तू फोन घेत नाहीस आणि मंगळवारनंतर मला सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र. तुझा नंबर मी दीपमालाला दिलाय, तुला न विचारता. तिला धीर द्यायला जाऊ नकोस, खोटंही सांगू नकोस. आज काय शिजवलंस एवढं बोललीस तरी तिचे दोन घास जास्त जातील. आणि कधी मलाही फोन कर. माझ्याकडून काही आवाज आला नाही तर ठेवून देऊ नकोस. मी ऐकत असेन.

तुझीच,
शकुंतलाताई