नाईचं दार

२ मार्च २००९, चामोर्शी

आज माझ्या गेममधला ढेकळ्या पहिल्यांदा घसरला! हिरव्या रंगावर पाय ठेवला अन् सुळकन् थेट समोरच्या भिंतीवर. रमेशभाऊच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसलो होतो, जोरात ओरडलो. टायपिंगच्या पोरी माना वळवून पाहायला लागल्या. र.भाऊ म्हणे, "का बे, लॉटरी लागली का?"

तलावाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते तसा हिरवा पाहिजे होता. घर्षणाचा आकडा कमी करत करत आज सापडला.

म्हणजे तिन्ही रंग झाले. हिरवा घसरवतो. पिवळा उडवतो. तपकिरी चिकटवतो, धावड्याच्या डिंकासारखा: जमिनीवर पाय अडकतो, भिंतीवर मात्र चढता येते. खेळणाऱ्याकडे बादली अन् ब्रश. जिथं जो रंग मारला तिथली जमीन तशी होणार. रंग मोजका. दार गाठायचं. बस, एवढाच गेम.

घरी बाबा जाळं दुरुस्त करत होते. "कॉलेजले कधी जातं?" म्हटलं, जात नाही. जाळं खांद्यावर टाकलं अन् तलावाकडे गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

७ मार्च

वंदना क्लासला यायला लागली. डी.एड. झालं, मास्तरणीच्या नेमणुकीची वाट पाहून राह्यली, तोवर कॉम्प्युटर शिकते म्हणे. र.भाऊनं मुद्दाम माझ्याकडेच शिकवायला दिली. हलकट.

बारावीपासूनचं आहे हे. इथं काय लिहू. तिला माहीत आहे, मला माहीत आहे, बोललं कोणी नाही. मी बोलायला गेलो की भांडण होते, ते एक.

एक्सेल शिकवता शिकवता गेम दाखवला. म्हणाली, "हे चौकोनी काय हाये?" म्हटलं, हीरो. "ढेकळासारखा दिसते." नाव तिनंच पाडलं तर. मी आधीपासून ढेकळ्याच म्हणत होतो हे सांगितलं नाही.

(खोटं लिहिलं. काल-परवापर्यंत त्याचं नाव विक्रम होतं. वर दोन तारखेचं खोडून दुरुस्त केलं.)

१५ मार्च

वं. चौथ्या लेव्हलला. अंगणभर तपकिरी मारायचा अन् दारातून बाहेर पडायचं, अशी मी केली होती. आपणच दारातून मारत आत गेलो की आपणच चिकटून बसतो, सुटका नाही. क्लासमधल्या सगळ्या पोट्ट्यांचं तेच झालं. वं. सरळ कोपऱ्यात गेली अन् मागं सरत सरत रंग मारत दारापर्यंत आली.

"कसं सुचलं?"

"सारवाले कोणी दारातून सुरू करते का?"

गेली पण पुढच्या लेव्हलला. मला ती लेव्हल सुचायला आठवडा लागला होता.

२२ मार्च

डोकं फिरलं आज.

सहाव्या लेव्हलमध्ये खड्डा आहे. भिंतीला तपकिरी लावून, चढून, वरून फिरून यायचं. तीच वाट. वं.नं काय केलं, आधी लांब हिरवा मारला, त्याच्या टोकाला थोडा पिवळा. घसरत आली, त्याच वेगात उडाली, खड्डा पार. भिंतीला हातही लावला नाही.

म्हटलं, हे चुकीचं आहे. "पोहोचली ना मी?" पोहोचली, पण असं नाही पोहोचायचं. "दार तं उघडलं." दार उघडलं ही माझी चूक आहे.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं अन् गेली.

मी लगेच छत खाली आणलं. आता उडाली की डोकं आपटणार.

२३ मार्च

"काल इथी वाट होती."

"बुजवली."

"काऊन?"

"ती वाट नव्हती. चूक होती."

"माह्यासाठी तं वाटच होती," म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर मी पण...

दिवसभर छत खाली ठेवलं. संध्याकाळी वर केलं. खरं सांगायचं तर तिची उडी माझ्या चढण्यापेक्षा देखणी आहे. कॉलेजात सरांनी माझा प्रोजेक्ट असाच परत केला होता. म्हणे विषय बरोबर आहे, पद्धत आमची नाही. तेव्हा मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटून घरी आलो होतो. तिनं माझ्यावर माऊस फेकला असता तरी चाललं असतं.

९ एप्रिल

ठरलं. शेवटच्या लेव्हलमध्ये विचारणार. ती दाराशी पोहोचली की पाटी येणार: "वंदना, आयुष्यभर सोबत राहशील का?" अन् दारावर लिहिलेलं असणार, हाव, म्हणजे आमच्याकडचं हो.

र.भाऊला दाखवलं. म्हणे, "तोंड हाये ना तुले? तोंडानं विचार ना बे." म्हटलं, तोंडानं विचारतो तं भांडण होते. "मंग भांडण झालं तं कॉम्प्युटर माहा हाये, ध्यानात ठेव."

मे, तारीख आठवत नाही

ऊन असं की सीपीयू उघडा ठेवून समोर टेबलफॅन लावतो. दुपारी लाईन जाते. त्या वेळात कागदावर चौकटी आखून लेव्हल काढतो. शेवटची जमत आली. तिन्ही रंग, सगळं शिकलेलं लागेल. तिला जमेल. तिलाच जमेल अशी केली आहे.

माय म्हणे, वाळून राह्यला तू, जेवाले तरी येत जा. बाबांना तिनं सांगितलं वाटते काहीतरी. काल रात्रीच्या ताटात मरळ माशाचा मधला तुकडा माझ्याकडे होता.

१६ जून

वं.ची ऑर्डर आली. एटापल्लीच्याही पुढं, जंगलातल्या गावची शाळा. ती पेढे घेऊन क्लासमध्ये आली. सगळ्यांना दिले. मला दोन.

मी म्हटलं, उद्या शेवटची लेव्हल खेळून जा.

१७ जून

खेळली. मी मागं उभा. ठरवलं होतं एक शब्द बोलायचा नाही, बोललो नाही. हिरव्यावरून आली, उडाली, भिंतीला चिकटली, चढली. दाराशी आली. पाटी आली.

तिनं वाचली. हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवले. मग विचारलं,

"नाईचं दार कुठी हाये?"

मला समजलंच नाही. "कायले पाहिजे?"

"पाहिजे."

"म्हणजे तुले नाई म्हणायचं हाये."

"मले काय म्हणायचं हाये ते मी अजून म्हटलंच नाई. एकच दार असलं तं ढेकळ्या त्यातूनच जाईल, पंकज. त्यात माहं काय?"

"एटापल्ली आली अन् भाव खाते तू!"

हे मी बोललो. आणखीही. नोकरी सोड, पुण्याला जाऊ, तिथं गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, मी लेव्हल करीन, तू पण काहीतरी करशील. ती म्हणाली, "काहीतरी?" मी म्हटलं, "मंग जा एटापल्लीले!"

"जातोच हाये मी."

जाताना कॉम्प्युटर नीट बंद करून गेली. गेम बंद, मग स्टार्ट, मग शटडाऊन. मीच शिकवलं होतं.

२४ जून

वं. आज गेली. मी बसस्टँडवर गेलो नाही. र.भाऊ गेला, पेटी चढवून देऊन आला. दुपारी स्वतःच म्हणे, "तुहं नाव काढलं नाई तिनं. पण बस सुटेपर्यंत रस्त्याकडं पाहून राह्यली होती. आता रस्त्याकडं तं सगळेच पाहतात."

असा माणूस आहे हा.

२ जुलै

नाईचं दार लावलं. हावच्या शेजारी, तेवढंच मोठं, त्याच रंगाचं. मग खेळून पाहिलं. नाईकडे जाताना मध्ये खड्डा. हा कधी केला मी? खरंच आठवत नाही.

बुजवला.

५ जुलै

र.भाऊनं खेळलं. हसून हसून खुर्चीवरून पडायचा राह्यला. "अबे, नाईच्या दारापुढं हिरवा कोणं सांडला? माणूस नाईकडं निघते अन् घसरत घसरत हावमंधी घुसते!"

म्हटलं चुकून झालं.

"तुह्या चुका भल्त्या हुशार हायेत बे."

हिरवा काढला. मग दिसलं की हावच्या बाजूला पिवळा भरपूर ठेवला आहे अन् नाईच्या बाजूला थेंब नाही. तोही दोन्हीकडे सारखा वाटून दिला. लेव्हल करणं म्हणजे वाट अवघड करणं, एवढंच आजवर येत होतं. दोन वाटा सारख्या करणं यापेक्षा कठीण आहे. कुठं ना कुठं माझा हात मध्ये येतोच.

११ जुलै

आज स्वतः नाईच्या दारातून गेलो. तसं कधी केलंच नव्हतं. दार उघडलं अन् गेम बंद. काळा पडदा. कारण पलीकडे मी काही बनवलंच नव्हतं. हावच्या पलीकडे मात्र फुलं, फटाके, सगळं.

उठून तलावावर गेलो. बाबा डोंग्यात होते, मला पाहून काठाला आले. दुसरं वल्हं दिलं. जाळं टाकलं, ओढलं. शिंगाडे मासेच जास्त आले. म्हणाले, "तो तुहा गेम. कोणी खेळते का?"

"एकजण खेळत होती."

"मंग?"

"मी चिडलो."

"हं," म्हणाले. "वढ."

१४ जुलै

नाईच्या पलीकडे पण जागा केली. तलाव, पायऱ्या, आंब्याचं झाड. ढेकळ्या थोडा वेळ बसतो, मग उठतो अन् पुढची लेव्हल सुरू होते. पुढची लेव्हल नवीनच केली, दोन्ही दारांना एकच. फटाके काढले.

नाई म्हटलं तरी तिला खेळता आलं पाहिजे पुढं. अन् मलाही.

हे लिहिणं सोपं आहे.

१८ जुलै

सीडी पाठवली. एटापल्लीच्या बसचा ड्रायव्हर र.भाऊच्या ओळखीचा. तिथून शाळेच्या गावाला जाणारा कोणीतरी आठवडी बाजाराला येतोच. शाळेत एक कॉम्प्युटर आहे, लाईन असली की चालतो, हे तिच्या घरून कळलं. वर फक्त "नवीन" लिहिलं. चिठ्ठी नाही. चिठ्ठीत मी पुन्हा ओरडलो असतो.

१९ जुलै

मेलो.

र.भाऊ सहज म्हणे, गेमची फाइल टाकली ना फक्त? मी म्हटलं, नाही, पूर्ण फोल्डर. "पूर्ण?"

पूर्ण. जुन्या सगळ्या लेव्हल त्यात आहेत. वंदना१, वंदना२, वंदना३... एकच दार असलेली. खड्डावाली. हिरवा सांडलेली. माझी प्रत्येक लबाडी, ओळीनं, तारखेसकट. लेव्हल बनवायचं साधन पण गेलं त्याच्यात.

ड्रायव्हरला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर. र.भाऊ पाणी घेऊन आला. पहिल्यांदा हसला नाही.

२ ऑगस्ट

काही नाही. बाजार होऊन गेला असेल. टायपिंगच्या पोरींना सहावी लेव्हल दिली. तिघींनी तीन वाटा काढल्या. एकही बुजवली नाही. एक वाट तर मला अजून समजली नाही, पण पोहोचते.

९ ऑगस्ट

फोन आला!! एटापल्लीवरून, बाजारातून, मागं कोंबड्यांचा गलका.

"तुह्ये सगळे खड्डे पाह्यले मी."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"एकामागून एक उघडले. तो घसरवणारा तं फारच हरामी हाये."

"वंदना, मी..."

"थांब. पैसे संपतील." मग हसली. खूप. एवढी कधी हसली नव्हती माझ्यासमोर. म्हणाली, पोरं शाळेत गोंडी बोलतात, तिला अर्धं समजते, पोरंच तिला शिकवून राह्यली. खोलीत विंचू निघाला. बरं वाटते. इथंच राहायचं आहे सध्या, हे आधी सांगून ठेवते.

म्हटलं, राह्य ना. (राग आला नाही. आला थोडा. पण बोललो तेच.)

"दोन दारांची लेव्हल खेळली?"

"खेळली."

"कोणत्या दारातून?"

"कोणत्याच नाई. तुह्या त्या साधनावर मी एक लेव्हल केली. ड्रायव्हरजवळ दिली. आधी ते खेळ."

कट.

१२ ऑगस्ट

सीडी आली. सकाळपासून बसलो आहे.

मध्ये नदी. अलीकडच्या काठाला ढेकळ्या. पलीकडच्या काठालाही ढेकळ्या. एका लेव्हलमध्ये दोन ठेवता येतात हे मलाच माहीत नव्हतं, मी कधी ठेवून पाहिलेच नाहीत. बटण एकच, दोघंही एकदमच चालतात. दार नदीच्या मधोमध, एका खडकावर, दोन्हीकडून तिथवर दगड. दारावर काही लिहिलेलं नाही.

हा उडाला की तो पाण्यात. तो चढला की हा भिंतीवर आपटतो. दुपारी तिच्या घरी जाऊन शाळेच्या शेजारच्या दुकानाचा नंबर घेतला अन् लावला. लागला! तिला बोलावून आणलं कोणीतरी.

"जमते का पण हे?"

"मलेही नाई जमलं अजून," म्हणाली. "पोरांलेही नाई. तू पाह्य."

"म्हणजे उत्तर..."

"अरे, माहीत असतं तं सांगतलं नसतं का?"

र.भाऊ घरी गेला, चावी ठेवून. मी अलीकडच्याला थांबवून पाहिलं, पायाखाली तपकिरी मारून, जाग्यावर चिकटवून. तर पलीकडचा एकटा चालला. हिरव्यावरून घसरत तिसऱ्या दगडापर्यंत आला. इतका पुढं आज पहिल्यांदा.

आता ह्याला सोडवायचं कसं.

बादलीत पिवळा थोडा उरला आहे.