लंडनहून आलेली हाळी

४ जानेवारी, सकाळी ७
'निवट्या घ्या गोऽऽ, जित्याऽऽ!'
माझ्या बायकोची, पुतळाची हाळी. मी कराव्याच्या शाळेत कविता शिकवत असायचो, आणि कुंपणापलीकडून ही मासळीची टोपली घेऊन जायची. अख्खा वर्ग कविता सोडून हिच्या चालीत ओरडायचा. पुतळा जाऊन सहा वर्षं झाली. आज स्वप्नात पुन्हा ऐकली. शुभशकुन.
संकल्प: रोजनिशी रोज. साखर बंद. नात मनस्वी लंडनची सॉलिसिटर झाली की सोसायटीत सत्कार, मी स्वतः रचलेल्या कवितेसह. हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं, लंडनच्या वेळेचं.

९ जानेवारी
मनस्वीचा फोन. ट्रेनिंग संपलं, पण तिची फर्म पुढे स्पॉन्सर करणार नाही. साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर नाही मिळाला तर व्हिसा संपला, परत यायचं. मी म्हटलं, टेन्शन नको, मी आहे ना. ती म्हणाली, आबा, प्लीज, तुम्ही काहीही करू नका.
किती जपते मला!

११ जानेवारी
स्पॉन्सर म्हणजे जामीन, एवढं इंग्रजी मला येतं. फर्मच्या मोठ्या साहेबांना ईमेल केला, की नातीला आजोबा जामीन. सोबत आमच्या भातशेतीचा सातबारा. जमीन सरकारने केव्हाच घेतली, तिच्यावर टॉवर उभे आहेत. पण कागद मी जपलाय.
अर्ध्या मिनिटात उत्तर! साहेब आउट ऑफ ऑफिस. म्हणजे माझ्याच कामाला बाहेर पडले.

२ फेब्रुवारी
'स्पॉन्सर'ला यमक एकच सापडतं, कॅन्सर. पुतळा त्यातच गेली.
कविता मुक्तछंदात करावी.

१५ फेब्रुवारी
दिपेश, म्हणजे मनस्वीचा बाप, म्हणाला, आबा, बॅनर नका छापू. स्पॉन्सर व्हायला तिथे कंपनीकडे सरकारी लायसन लागतं, सातबारा नाही. द्रोणागिरीच्या गोदामात खोकी मोजून याचं मन कोरडं झालंय.
छापला. गेटवर लावला. 'लंडन जिंकणारी आमची मनस्वी.'
साखर: फक्त चहात.

१२ मार्च, सकाळी ८
साठ दिवस संपले. मनस्वी म्हणते, चाललंय आबा. म्हणजे मिळाला स्पॉन्सर! बिचारी तिथल्या अडीच वाजता जागी. व्हिडिओ नाही, कॅमेरा बिघडलाय.
बोलता बोलता तिच्या मागून आवाज आला. निवट्या घ्या गोऽऽ, जित्याऽऽ.
लंडनमध्ये!
विचारलं, ऐकलंस? नाही म्हणाली. फोन कट.

१४ मार्च, सकाळी सव्वाआठ
पुन्हा तीच हाळी. तोच हेल, शेवटी तसाच तुटणारा. वर मनस्वी म्हणाली, थांबा, लाइट गेली. लंडनमध्येही लोडशेडिंग. साम्राज्य गेलं ते गेलंच.
पण पुतळा? मेलेल्या बाईने 'जित्या' म्हणून का ओरडावं? शेवटी शेवटी म्हणायची, पोरीला लांब धाडू नका. मी कविता म्हणून दाखवायचो. मग ती भिंतीकडे तोंड करायची.
दिपेशला सांगितलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, बॅनर काढा ना आबा. मी म्हटलं, भुताला भिऊन?

१७ मार्च
संकल्प: भूत मानायचं नाही. देवापुढचा दिवा मात्र विझू द्यायचा नाही, ते वेगळं.
साखर: प्रसादाचे पेढे, चार.

१९ मार्च, सकाळी पावणेआठ
हाळी आज फोनवर नव्हती, आमच्या जिन्यात होती. एकेक मजला वर येत होती. दिपेश कामावर गेलेला. मी सत्काराचा कोट घातला. पुतळा न्यायला आली असेल तर नीटनेटकं जावं.
बेल वाजली.
दार उघडलं. डोक्यावर टोपली घेतलेली दिवाळे गावची केशरबाई. पुतळाच्या हाताखाली शिकलेली. म्हणाली, काय वो मास्तर, सकाली सकाली कोट? मी म्हटलं, ही हाळी... ती म्हणाली, तुमच्याच बायकोनं शिकवली, दुसरी येत नाय मला. बेलापुरात एक पोर रोज निवट्या घेते, मैत्रिणीकडं रावते. नाव इचारलं, त पुतळावयनीची नात! गेटवरचा बॅनर बघून दोनदा मागं फिरली. मीच धरून आनली.
केशरबाई बाजूला सरकली. कठड्याला धरून मनस्वी उभी होती. नजर माझ्या कोटावर.
लंडनच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते. पहिल्यांदाच वाटलं, ते चुकतंय.