डाव्या पंखावरची पुट्टी

६ ऑक्टोबर

पुन्हा परत! पाठवलेले चार हजार बाबानं दुसऱ्याच दिवशी माह्या खात्यात टाकले. अन् फोनवर तेच — "स्प्रे गननं मारलेला रंग म्हणजे रंगाची ओकारी. त्या कमाईचं मले नको." आठ वर्षं झाली हेच ऐकून राहिलो! जळगाव जामोदात फ्लेक्स आले, त्यांचे बोर्ड बंद झाले, त्यात माही काय चूक? ब्रश धरून बसलो असतो तर दोघंही उपाशी बसलो असतो. पण बोलणार कोण? मी आठवी नापास, अन् ते चंपतराव पेंटर!

९ ऑक्टोबर

आज विमान पाहिलं. खरंखुरं!

मी गाड्या रंगवतो त्या गॅरेजच्या सेठनं कोराडीले पाठवलं. रुपरावकाका म्हणून आहेत, पॉवर स्टेशनात फिटर होते. रिटायर झाल्यापासून, सात वर्षं, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये विमान बनवून राहिले. मले वाटलं खेळण्यातलं असन. दोन माणसं बसतात! रंग मी मारायचा. पत्रा असा पातळ की टिचकी मारली तर डब्यावानी वाजते.

प्रेमिलाकाकूनं पोहे दिले, वरून तर्री. म्हणे, "सत्याऐंशीपासून यांच्या स्कूटरवर मीच बसली. आता यातही मीच बसणार. दुसरं कोण बसते, बाप्पा!"

१४ ऑक्टोबर

नुसती घासाई. सकाळी पुसलं की दुपारी पुन्हा पॉवर स्टेशनची राख. शेवटी चारी बाजूनं प्लास्टिक बांधलं.

काका म्हणाले, "धर्मा, पातळ दोन हात. बस. विमानाले एक एक ग्रॅम उचला लागते."

१८ ऑक्टोबर

पंखाच्या मागं एक हलता पट्टा असते. त्यानं विमान वळते. डाव्या पट्ट्यावर माह्या हातून पाना पडला. दोन पोचे! काका इतवारीच्या बाजारात गेले होते. गॅरेजात करतो तेच केलं — पुट्टी भरली, घासली, वरून चार हात मारले. काचेवानी झालं! सांगितलं नाही. गिऱ्हाइकाले पुट्टी कोण सांगते?

२० ऑक्टोबर

दिवाळी. गावी गेलो नाही. काकूनं उटणं दिलं, नवा टॉवेल दिला. आईचा फोन आला. बाबा बाजूलेच होते, खोकला ऐकू आला.

२७ ऑक्टोबर

काकानं दोन्ही पट्टे बिजागरीवर तोलून पाहिले. उजवा सरळ राहिला. डावा मागून खाली गेला.

म्हणाले, मागं वजन जास्त झालं तर जोरात उडताना पट्टा फडफडते. अन् फडफडला की पंखच तोडते. माही पुट्टी मागच्याच बाजूले होती! काका वही घेऊन बसले. "समोरचं तोलाचं शिसं कमी टाकलं असन मी. म्हातारा झालो बे." चष्मा पुसला, पुन्हा गणित.

२८ ऑक्टोबर

काका अजून गणितच करून राहिले. काकू म्हणे, "मी बसू शकन न गा यात?" मी म्हटलं, हो.

जेवण गेलं नाही.

२९ ऑक्टोबर

सकाळी बाबाले फोन लावला. काहून लावला, माहीत नाही. सगळं सांगून टाकलं. वाटलं आता गनवर घसरतील. तर म्हणाले — "त्या बाई बसणार आहेत न त्यात? बोर्डावर काना चुकला तर मी पुसत होतो का वरून रंग फासत होतो?"

"पुसत होते."

"मग मले काय विचारतं, लेका? जा!"

गेलो. सांगितलं. काकानं पुट्टीच्या जागी टिचकी मारली, बद्द वाजलं. मग वही मिटली. "म्हणजे माहं गणित बरोबर होतं!" अन् हसले! मग हसू गेलं. "धर्मा, मी तुहा गिऱ्हाईक नाही. इथं पोचा पडला की ओरडून सांगायचं."

हाकललं नाही. दुसऱ्या कोणी हाकललं असतं. काकूनं ताट वाढलं, दोनदा भात घेतला.

७ नोव्हेंबर

नवा पत्रा बसवला. रिव्हेट मारताना मागून मीच धरलं. पातळ दोन हात. पुन्हा तोललं — सरळ! काकूनं लांबूनच हात जोडले.

११ नोव्हेंबर

आता विमानाच्या अंगावर पाच अक्षरं लिहायची, गाडीच्या नंबरावानी. स्टिकर लावले तर उन्हानं कडा उचलल्या. टेप लावून गन मारली तर खालून रंग पसरला. काका वैतागले. मी म्हटलं, एक माणूस आहे. पट्टी लावत नाही, टेप लावत नाही, अक्षर शंभर पावलांवरून वाचता येते.

"कोण?"

"चंपतराव पेंटर."

फोन लावला. बाबानं एकच विचारलं, "विमान सावलीत उभं राह्यते का उन्हात?" म्हणजे येणार! म्हटलं भाडं पाठवतो. असे भडकले — "भाडं कायचं? मी पाहुणा आहो का? बयाणा घेतल्याशिवाय पेंटर ब्रश काढत नाही!"

१२ नोव्हेंबर

बाबाले बयाणा पाठवला. सकाळपासून चार वेळा खातं पाहिलं. परत नाही आला. ५०१ रुपये.