भाताला सोडचिठ्ठी

१२ फेब्रु.
सकाळी डॉ.कडे. यांची शुगर पुन्हा वाढली. गोळ्या चालू, पण खाणं सांभाळा म्हणाले. मे अखेरच्या टेस्टमध्ये उतरली नाही तर इन्सुलिन. उतरली तर दुपारी वाटीभर भात देऊ, तोवर बंद.
हे सुईला असे घाबरतात की फॅक्टरीत असताना धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायला संडासात लपले होते. ऑटोत एकच वाक्य, "सुई नाही पाहिजे, भात सोडतो." धानाच्या जिल्ह्यातला माणूस, दोन्ही वेळा भात खाऊन रिटायर झालेला. मला हसू आलं.

१५ फेब्रु.
भात बंद. माझाही. यांच्यासमोर बसून घास उतरेल का?
"तू काहून सोडून राहिली? तुले कुठं शुगर आहे?"
वजन कमी करायचंय म्हटलं. लगेच पटलं त्यांना. त्याचाच राग आला.

२ मार्च
छान चाललंय. पहाटे नदीवरच्या कारध्याच्या पुलापर्यंत फिरणं. आल्यावर पोहे. दुपारी गरम भाकर, भाजी. चारला मुरमुऱ्यांचा चिवडा. भात सोडल्याचं हे अख्ख्या वॉर्डात सांगत फिरतात. शेजारच्या वच्छलाबाईंनी तर हात जोडले यांना. तेव्हापासून चालच बदलली आहे.

१९ मार्च
मधला रिपोर्ट. शुगर होती तिथंच!
मी डॉ.ना ठणकावून सांगितलं, घरात भात शिजतच नाही. मग खाता काय? सांगितलं सगळं.
"भाकर कशाची?"
"तांदळाची."
डॉ.नी पेन खाली ठेवलं. "ताई, भात तेवढा सोडला. पोहे, मुरमुरे, भाकर... तांदूळ सगळा चालूच आहे."
नर्स तोंड फिरवून हसली. हे माझ्याकडे बघतात, मी छताकडे. एवढी शिकलेली मी, आणि हे सुचू नये? घरी येईपर्यंत यांची टकळी चालू. "मले वाटे, भाकर म्हणजे भाकर!"

२१ मार्च
ज्वारी दळून आणली. माझा हात तांदळाच्या उकडीला बसलेला, ही थापताना फाटते. पहिल्या तीन गाईला. चौथी यांना.
"भाकर आहे का नकाशा?"
खाल्ली मात्र. भाजी दुप्पट, डाळ वाटीभर. रविवारी नदीची मासोळी कबूल केली आहे, तेव्हा कुठे खुलले.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत जागोजागी बुंदी, सरबत. मी लक्ष ठेवून होते, पण गर्दीत हे सुटलेच. रात्री आले ते छाती काढून. "पाह्य, बोटही नाही लावलं. ताक पेलो." मग खिशातून चुरगळलेली पुडी काढली. बुंदी. "तुह्यासाठी."
खाल्ली मी. वजनाचं विसरलेच.

११ मे
भांडण. वच्छलाबाईंनी आंब्याचा रस पाठवला. हे वाटी नाकाशी धरून बसले. मी ओढून घेतली. भडकले.
"असं जगून का करू मी?"
"माह्यासाठी जगा!" ओरडलेच मी.
एवढ्या वर्षांत असलं काही बोलायची वेळ आली नव्हती. मग मी आंब्याची एक फोड कापून दिली. मिनिटभर चोखत बसले. साल टाकवेना त्यांना.

२२ मे
उद्या बुद्धपौर्णिमा. विहारातली खीर दरवर्षी यांच्या हातची, दुसऱ्या कोणाला पळीला हात लावू देत नाहीत. आता म्हणतात, "औंदा मी नाही करत. चाखल्याशिवाय अंदाज नाही येत."
"जीभ माही घ्या न."
उठले आणि खिरीचा मोठा गंज घासायला काढला.

२३ मे
विहाराच्या अंगणात चूल. घामाने भिजले होते, पण चेहरा जुना. पळीत थोडी घेऊन, फुंकर घालून माझ्यासमोर धरली. "सांग."
"साखर कमी आहे."
मूठभर टाकली. पुन्हा पळी. "आता?"
"आता बरोबर."
लोक म्हणाले, यंदा सगळ्यात चांगली झाली. यांनी थेंबही घेतला नाही. गर्दी ओसरल्यावर माझ्यासाठी भरून वाटी आणली.
"खाय आता. वजनाचं खोटं होतं, मले त्याच दिवशी समजलं."
"मग बोलले कायले नाही?"
"एकट्यानं सोडलं असतं तर लवकर हारलो असतो."
मी खाल्ली. हे समोर बसून बघत राहिले. खीर खारट व्हायची बाकी होती.

२७ मे
रक्त देऊन आलो. सुई यांना टोचली, नखं माझ्या मनगटात. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. हे ओसरीवर पेपर उघडून बसलेत, पान काही उलटत नाही.
वाटीभर तांदूळ निवडून ठेवलेत मी. धुतले नाहीत अजून.